दोन हॉटपॉट

आमच्या रत्नागिरीच्या घरी हॉटपॉट म्हणजे पोळ्यांचा डबा. चॉकलेटी रंगाचा, झाकणावर केशरी फुलं, आत स्टीलचं भांडं. तुमच्याकडेही असा एक असणारच, वापरात नसला तर माळ्यावर तरी असेल. आमचा २००१ साली आला. दादाने पहिल्या पगारातून आणला आणि पोळ्या गरम ठेवणं हा त्यामागचा दुय्यम हेतू होता. मुख्य हेतू होता आईला आमच्याबरोबर जेवायला बसवणं.

दादाचा हिशोब सरळ होता. आधी सगळ्या पोळ्या करायच्या, डब्यात भरायच्या, गॅस बंद करायचा आणि मग सगळ्यांनी एकदम बसायचं. तीन दिवस जमलं. चौथ्या दिवशी अप्पा म्हणाले, "आज पोळ्या घामेजल्यात." झालं! आई उठली, तिने तवा ठेवला आणि आमची क्रांती तिथेच संपली. तो डबा पुढे गणपतीत मामाकडे मोदक पोचवायच्या कामी आला.

आईचं एक वाक्य आहे. "तुम्ही बसा, मी आलेच." हे 'आलेच' नक्की किती वेळाचं असतं? तर अप्पांचं जेवून, हात धुऊन, सुपारी कातरून होईपर्यंतचं. घावनांच्या दिवशी त्याहून जास्त. घावन बिड्यावरून थेट ताटात पडलं पाहिजे, निवलं की त्याचं चामडं होतं, हे तिचं ठाम मत. त्यामुळे आम्ही खात राहायचो आणि ती घालत राहायची. शेवटची दोन घावनं, वाडग्याच्या तळाला उरलेल्या पिठाची, ती स्वतःसाठी करायची आणि ओट्याला टेकून उभ्यानेच खायची.

उपाय बरेच झाले. २००८ मध्ये डायनिंग टेबल आलं. त्यावर आज लोणच्याच्या बरण्या, वर्तमानपत्रं आणि अप्पांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या सुखाने नांदतात. वहिनी घरात आल्यावर ती म्हणाली, "आई, तुम्ही बसा, मी करते." त्याचा परिणाम एवढाच झाला की एकीच्या जागी दोघी ओट्याशी उभ्या राहायला लागल्या. मी एकदा संप पुकारला होता. तू बसल्याशिवाय मी ताटाला हात लावणार नाही, असं जाहीर केलं. त्यावर आई चिडली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि म्हणाली, "मी बसले तर मग मी करू काय?"

हा प्रश्न तेव्हा आम्हाला कोणालाच नीट सोडवता आला नाही. तो विषय बंद झाला.

आता इथून एकदम कोरियात यायचंय, कारण दुसरा हॉटपॉट तिथे आहे. मी कामानिमित्त दक्षिण कोरियात सुवनला राहते. सोलच्या दक्षिणेला, साधारण तीस किलोमीटरवर. एक खोली, त्यातच एका भिंतीला दोन शेगड्यांचा ओटा, खिडकीतून समोरची इमारत. इकडे ज्याला आपण सोयीसाठी हॉटपॉट म्हणू, त्याचं नाव चॉनगोल. पसरट, उथळ भांड्यात भाज्या, मासे, मांस, टोफू, जे असेल ते कच्चंच छान रचून आणतात, वर रस्सा ओततात आणि भांडं तुमच्यासमोर टेबलावरच्या शेगडीवर ठेवतात. पुढचं सगळं तुमच्या डोळ्यांदेखत. चिनी प्रकारात जो तो आपला घास बुडवून शिजवून घेतो. इथे मात्र सगळं एकत्रच उकळतं. राजवाड्यातल्या पंगतीत याचाच एक नटवा भाऊ असायचा, शिनसॉल्लो नावाचा. पितळी भांडं, मधोमध धुराडं आणि त्यात निखारे.

थंडीत संध्याकाळी कामावरून येताना या हॉटेलांच्या काचांवर आतून वाफ धरलेली असते. पलीकडे चार-चार डोकी एका भांड्यावर वाकलेली दिसतात. पहिलं वर्षभर मी ते बाहेरूनच पाहिलं, कारण साधं होतं. बाहेरच्या पाटीवर तीन आकार असतात : छोटं, मध्यम, मोठं. छोटं म्हणजे दोघांचं. एकट्या माणसाचा आकारच नाही! एकट्याने जेवायला कोरियनमध्ये आता 'होनबाप' असा खास शब्द आहे आणि देशातल्या एकतृतीयांशाहून जास्त घरांत एकच माणूस राहतो. त्यामुळे एकट्यादुकट्यासाठी छोट्या भांड्यांची दुकानंही निघाली आहेत. पण मला ते नको होतं. मला ते मोठं, वाफाळणारं, चौघांनी वाकून बघायचं भांडंच हवं होतं. ऑफिसच्या पार्ट्या बहुतेक मांस भाजायच्या. त्यात मी कोबी आणि भात खाऊन, हसून घरी येणारी.

२०२४ च्या ऑक्टोबरात आई-अप्पा आले. म्हणजे आम्ही तिघं झालो. मध्यम आकाराचे हकदार :)

आई आल्यापासून पंधराव्या मिनिटाला माझ्या ओट्याचा ताबा गेला होता. खोली एवढीशी, ओटा आणि टेबल यांच्यात चार पावलंही नाहीत. तरी पहिल्याच रात्री तेच झालं. आई भिंतीकडे तोंड करून पोळ्या करतेय आणि मी आणि अप्पा तिच्या पाठीकडे बघत जेवतोय. म्हणजे रत्नागिरीत मधे भिंत होती म्हणून ती येत नव्हती असं नाही. इथे भिंत नव्हती, अंतरही नव्हतं. तरी "तुम्ही बसा, मी आलेच" होतंच.

एका रविवारी सकाळी मी त्यांना ह्वासॉंग किल्ल्याचा तट दाखवायला नेलं. १७९४ ते १७९६ या दोन वर्षांत बांधलेला, जवळजवळ पावणेसहा किलोमीटरचा तट, आता जागतिक वारशाच्या यादीत आहे. अप्पांनी प्रत्येक बुरुजाची रत्नदुर्गाशी तुलना केली आणि प्रत्येक वेळी रत्नदुर्ग जिंकला. तीन वाजायला आले तेव्हा तिघांनाही कडकडून भूक लागली होती आणि वारा बोचायला लागला होता. मी म्हटलं, "चला, आज बाहेर. माशांचं चॉनगोल."

आत शिरताना आईने नेहमीप्रमाणे कडेची खुर्ची धरली. कडेची म्हणजे उठायला सोपी. पण कोरियात आतली, दारापासून लांबची जागा मानाची असते आणि ती वडीलधाऱ्यांची. वाढणाऱ्या बाईंनी अत्यंत अदबीने आणि अत्यंत ठामपणे आईला भिंतीकडच्या बाकावर आत सरकवलं, तिच्या शेजारी अप्पा. आता तिला उठायचं तर आधी अप्पांना उठवावं लागणार! आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मीच हे घडवून आणलंय.

या बाईंना हाक काय मारायची? इथे 'इमो' म्हणतात. इमो म्हणजे मावशी, अगदी आईची बहीण. आपण नाही का, कोणा अनोळखी बाईंना बिनदिक्कत मावशी करून टाकत? आईला हे फार पटलं. त्यात मी "अप्पा, इकडे सरका" म्हटलं, तर इमो थबकली, माझ्याकडे बघून हसली आणि अप्पांकडे बोट दाखवून म्हणाली, "अप्पा?" कारण कोरियनमध्येही बाबांना अप्पाच म्हणतात. अप्पांना हे मी आधी सांगितलेलं होतं, पण कोरियन बाईच्या तोंडून ऐकल्यावर ते खुर्चीत दोन इंच उंच झाले. आणि 'बाप' म्हणजे भात, शिवाय जेवणही. "जेवलात का?" ही इथली आपुलकीची चौकशी आहे, ती शब्दशः "बाप खाल्लात का?" अशी होते, हे कळल्यावर त्यांना इतकं हसू आलं, की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

मग ते भांडं आलं.

कोकणातल्या माणसाला समोर बसून एवढं सगळं बघायला मिळणं म्हणजे चैनच. दोन भागांत तोडलेली कुर्ली, डोक्यासकट कोलंबी, माकुलाच्या चकत्या, तिसऱ्या, काळे शिंपले. खाली मुळ्याच्या चकत्या, सोयाबीनचे लांबलचक मोड आणि वर हिरव्यागार मिनारीचा भारा. ही तीच मिनारी, जिच्या नावाचा २०२० चा सिनेमा आहे आणि ज्यातल्या आजीला, म्हणजे यून यो-जोंग यांना, २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. आपल्या कोथिंबिरीच्याच कुळातली वनस्पती. आईने एक काडी मोडून वास घेतला, मान हलवली आणि "तिरफळं हवी होती," असं म्हणाली. मधोमध लाल तिखट, लसूण आणि सोयाबीनच्या आंबवलेल्या वाटणाचा गोळा. आणि सगळ्यात वर एक छोटा ऑक्टोपस. जिवंत. त्याचा एक हात भांड्याच्या कडेवरून बाहेर बघत होता.

अप्पांनी डोळे मिटले. आई म्हणाली, "काय झालं? कुर्ल्या काय आपण मेलेल्या आणतो?"

इमोने शेगडी पेटवली, झाकण ठेवलं, गेली. दहा मिनिटांनी आली, झाकण काढलं आणि ऍप्रनच्या खिशातून कात्री काढून कुर्लीचे पाय, माकूल, सगळं कचाकच कापलं. आईचा चेहरा बघण्यासारखा होता. विळीवर आयुष्य गेलेल्या बाईला हे अधर्मासारखं वाटलं असणार. पण दोन मिनिटांत ती पुढे वाकून बघायला लागली. रस्सा रटरटत होता, तिसऱ्या एकेक करून उघडत होत्या. आणि मग काही न बोलता तिने आपला चमचा उचलला, भांड्यातून एक तिसरी बाहेर काढली आणि बाजूच्या रिकाम्या ताटलीत ठेवली. मग आणखी एक. न उघडलेल्या होत्या त्या. न उघडलेली तिसरी खायची नाही, हे तिला कुणी कोरियनमध्ये सांगायची गरज नव्हती.

इमोने ते पाहिलं. मोठ्याने हसली, माझ्याकडे बघून भरभर काहीतरी बोलली, त्याचा अर्थ साधारण असा, की यांना सगळं येतंय, माझं इथे काय काम! आणि हातातला चिमटा आणि डाव तिने दोन्ही हातांनी आईसमोर धरला. दोन्ही हातांनी देणं ही इथे आदराची पद्धत. आईनेही दोन्ही हातांनी घेतला.

अप्पांना वेगळीच चिंता होती. "सगळ्यांनी त्याच भांड्यात चमचे घालायचे? उष्टं नाही होत?" चिंता रास्त आहे. पूर्वी इथे एका भांड्यात सगळ्यांचे चमचे सर्रास जायचे, घरांत अजूनही जातात. पण अलीकडे, आणि करोनानंतर जास्तच, डावाने आपापल्या वाटीत वाढून घ्यायची पद्धत रुळली आहे. प्रत्येकासमोर वाटी होती. डाव एकच, आणि तो आईच्या हातात. "बघा, कोणाचं उष्टं नाही," ती म्हणाली आणि वाढायला लागली. आधी अप्पांना, मग मला. आणि मग तिसरा डाव स्वतःच्या वाटीत.

कारण दुसरं करणार काय? भांडं तिच्यापुढ्यात होतं, शेगडी तिच्यापुढ्यात होती. भिंत पाठीला, अप्पा शेजारी. जायचं कुठे?

तिने कुर्लीचा एक तुकडा उचलला, रस्सा निथळला आणि त्यावर फुंकर घातली.

आईला आपल्या जेवणावर फुंकर घालताना मी पाहिलं नव्हतं. माझ्या घासावर घातलेली आठवते, दादाच्या मुलाच्या वरणभातावर घातलेली आठवते. स्वतःच्या कधी नाही, कारण तिची वेळ येईपर्यंत फुंकर घालावी असं काही उरलेलंच नसायचं. "भारी गरम आहे गो," ती म्हणाली आणि पुन्हा फुंकर घातली. डोळ्यांतून, नाकातून पाणी, चेहरा लाल. तिखट आमच्यापुढे काही फार नव्हतं. मिरची त्यांच्याकडेही बाहेरून आलेली आणि आपल्याकडेही. पण वाफ होती, आणि ती वाफ तोंडावर घेत ती जेवत होती. आमच्याच वेळेला, आमच्याइतकंच गरम.

मधेच किमची संपली. तिचा हात लगेच बाकावर टेकला, उठायच्या तयारीने. तेवढ्यात इमो भरलेली वाटी ठेवून गेली. इथे तोंडीलावणी कितीही वेळा मागा, पैसे पडत नाहीत आणि बहुतेक वेळा मागावीही लागत नाहीत. मग पाणी संपलं, तेही आलं. उठायची एकेक कारणं इमो काढून घेत होती.

अप्पा खूश होते. कोलंबी सोलता सोलता ते म्हणाले, "चांगलं आहे. पण खरं सांगू, तुझ्या कालवणाची सर नाही." हे ते मनापासून म्हणाले. चाळीसेक वर्षांचा अनुभव होता त्यामागे.

"असेल," आई म्हणाली. "माझं कालवण गरम गरम कसं लागतं ते मला कुठे ठाऊक?"

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. आवाजात काही नव्हतं, डाव हातात होता आणि ती अप्पांच्याच वाटीत आणखी दोन तिसऱ्या घालत होती. अप्पा काही बोलले नाहीत. बराच वेळ ते काड्यांनी मुळ्याचा एक तुकडा पकडायचा प्रयत्न करत राहिले. तो सुटत होता. शेवटी त्यांनी चमचा घेतला.

चॉनगोलची खरी गंमत मासे संपल्यावर असते. उरलेल्या रश्श्यात कालगुक्सू, म्हणजे सुरीने कापलेल्या कणकेच्या जाड शेवया टाकतात. अगदी आमच्याकडच्या चकोल्या समजा, फक्त लांब. त्या संपल्या की इमो येते, राहिलेला रस्सा थोडासा ठेवून बाकीचा काढते आणि त्याच भांड्यात भात, शेवाळाचा चुरा, तिळाचं तेल, अंडं घालून परतते आणि तळाला पसरून ठेवते. भाजीच्या कढईत भात कालवून खाल्लेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तळाला भाताची खरपूस खरवड धरते. तिला इथे नुरुंजी म्हणतात आणि ती लोक आवडीने खातात.

आमच्या घरी खरवड माझी, असा अलिखित कायदा आहे. आईने डावाने ती सोडवली, अर्धी माझ्या वाटीत टाकली आणि अर्धी स्वतःच्या. अर्धी! हा कायदा आजवर कोणी मोडला नव्हता.

बिल पासष्ट हजार वॉन झालं. अप्पांनी मनातल्या मनात भागाकार केला, सुमारे चार हजार रुपये, आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

सोमवारी ऑफिसात एका पन्नाशीतल्या सहकारी बाईंना मी हे सगळं सांगितलं. तुमच्याकडे किती छान, सगळे एका भांड्याभोवती बसता, असं काहीतरी म्हणाले. त्या हसल्या. म्हणाल्या, "माझी आजी कधी आमच्याबरोबर बसली नाही. ती स्वयंपाकघरातच जेवायची. आमचं झाल्यावर, उरलेल्या भातात पाणी घालून."

मग त्यांनी जुन्या कोरियन घराची रचना समजावली. स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर आणि ऊब खोल्यांच्या जमिनीखालून फिरवतात. त्यामुळे जमीन तापते आणि कडाक्याच्या थंडीत घर उबदार राहतं. याला ओंदोल म्हणतात. पण उष्णता खालून जायची तर चूल खोल्यांपेक्षा खाली हवी. म्हणून स्वयंपाकघराची जमीनच बाकी घरापेक्षा खोल असायची. म्हणजे घर उबदार करणारी बाई घराच्या सगळ्यात खालच्या जागी उभी. जोसोन राजवटीतल्या प्रतिष्ठित घरांत पुरुषांना एकेकट्याचा छोटा चौरंग मांडून वाढायचे, आणि तो चौरंग उचलून वर नेऊन ठेवायचा. बायकांचं जेवण मागाहून. सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसायची चाल नंतरची, बरीचशी गेल्या शतकातली.

ऐकताना मला ओट्याला टेकलेली आईच दिसत होती. म्हणजे कोरियन माणसं मुळातच आपल्यापेक्षा शहाणी आणि आपण मागासलेले, असा काही मामला नाही. आज्या दोन्हीकडच्या सारख्याच उपाशी. फरक पडला तो एवढाच, की इथे निदान या एका जेवणापुरती चूल स्वयंपाकघरातून उठून ताटाशी आली.

आणि मला वाटतं, आईच्या त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. "मी बसले तर मग मी करू काय?" आमचे सगळे उपाय तिच्या हातातला डाव काढून घेणारे होते. आधीच करून ठेव, डब्यात भर, सूनबाईला दे, तू नुसती बस. अडुसष्ट वर्षांच्या त्या बाईला या घरात जे काही म्हणणं आहे, जो काही अधिकार आहे, तो त्या डावात आहे. कोणाला किती, कोणाला तिखट, कोणाला काटा काढून. तो सोडून नुसतं पाहुण्यासारखं बसणं हा तिला मान वाटला नाही, निवृत्ती वाटली. त्या दिवशी डाव तिच्याच हातात होता आणि तरी ती बसलेली होती. इतकी वर्षं तिला या दोन्हींतलं एक निवडावं लागत होतं.

तुमच्यापैकी काही जणी म्हणतील, की हे सगळं ठीक, पण पुरुषांनी डाव का घेऊ नये? घ्यावाच. दादा रविवारचा स्वयंपाक करतो आणि बराही करतो. माझ्या पिढीसाठी मी त्याच बाजूने भांडेन. पण आईच्या पिढीला नवं जग देताना जुन्यातलं जे तिचं स्वतःचं आहे ते हिसकावून घेऊ नये, एवढंच. आपल्याकडेही असे प्रसंग आहेतच की. रायगडकडची पोपटी घ्या, देशावरचा हुरडा घ्या. मडकं फुटतं, कणसं भाजली जातात, सगळे आगटीभोवती बसून गरम गरम खातात. तिथे वाढपी कोणी नसतो आणि मागून जेवणारंही कोणी नसतं. फक्त ती मजा आपण वर्षातून एकदा, शेतावर करतो. घरी आलो की पुन्हा भिंत.

कोरियनमध्ये घरच्या माणसांना 'शिक्कू' म्हणतात. मूळ चिनी अक्षरांचा अर्थ 'खाणारी तोंडं'. आपण 'घरात खाणारी तोंडं किती' म्हणतो ते बहुतेक वेळा खर्चाच्या काळजीने. इथे तो शब्द नात्याचा आहे. बरोबर जेवतात ते घरचे. त्या व्याख्येने पाहिलं तर आमच्या घरची सगळ्यात जुनी सदस्य घरची व्हायला सुवनमधलं एक टेबल लागलं.

असो. आई-अप्पा डिसेंबरात परत गेले. जाताना आईने कात्री घेतली, विळी मात्र सोडणार नाही असं बजावून. (आत्ये, तू हे वाचत असशील तर तिला कात्रीवरून चिडवू नकोस.) मध्यंतरी वहिनीचा फोन आला. आई म्हणे इंडक्शनची शेगडी टेबलावर आणून घावनं घालायचं बघतेय. बिडं चालतं त्यावर, बूड सपाट असलं की झालं. बरण्या आणि वर्तमानपत्रं हलवली, गोळ्या फ्रीजवर गेल्या, पण शेगडीची वायर प्लगपर्यंत पोचेना. दादाने एक्स्टेन्शन बोर्ड आणला, तर त्यात पाय अडकून कोणीतरी पडेल म्हणून तो बाद झाला. शेवटी वायरमनला बोलावून टेबलाजवळच्या भिंतीत नवा पॉइंट काढायचं ठरलंय.

तो किती उंचीवर घ्यायचा यावरून सध्या दादा आणि अप्पा यांची रोज वादावादी चाललीय. दादाचं म्हणणं, बाकीच्या पॉइंटच्या ओळीत घेऊ, बरा दिसतो. अप्पा ऐकत नाहीत. त्यांचं म्हणणं, दिसण्याचं राहू दे, तिला बसल्या जागेवरून हात पोचला पाहिजे.